चावडीवरची निवडणूक

निवडणूक जवळ आली की आमच्या नगर जिल्ह्यात पारापारावर ज्योतिषी उगवतात. शेवगावच्या एस.टी. स्टँडवर चहाचा कप हातात धरून कोणी पाथर्डीचा निकाल सांगून टाकतो, तर श्रीगोंद्याच्या बाजारात कोणी उभ्या उभ्या मंत्रिमंडळ बनवतो. आपण ते कौतुकाने ऐकतो आणि पिशवी उचलून घरी येतो. पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते, ही त्यातली मोठी सोय आहे. परंतु हेच बोलणे उद्या कोणी ज्ञानकोशात लिहून ठेवले, आणि लाखो लोकांनी ते खरे म्हणून वाचले, तर काय करायचे? हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही.

ज्ञानकोश म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे जाडजूड खंड उभे राहतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकात, विसाच्या दशकात, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड हिमतीने तडीस नेले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोश आकाराला आला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती पडला. या छापील कोशांना येऊ घातलेल्या निवडणुकीची चिंता कधीच नव्हती. खंड छापून होईपर्यंत निवडून आलेला पडलेला असे आणि पडलेला मंत्री झालेला असे!

विकिपीडियाचे तसे नाही. १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत इंग्रजीतून सुरू झालेला हा कोश संगणकावर आणि आता तर खिशातल्या मोबाईलवर उघडतो, आणि वाचणाऱ्या कोणालाही त्यात लिहिता येते. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. इंग्रजी कोशाने २०२५ साली सत्तर लाख लेखांचा टप्पा ओलांडला. आपला मराठी कोश लाखाच्या आसपास आहे. यंत्रसामग्री सांभाळणारी एक धर्मादाय संस्था अमेरिकेत आहे खरी, पण लेख लिहिणारे सारे बिनपगारी. आम्हां नगरकरांना ही कल्पना समजायला मुळीच जड जाऊ नये. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्या मातीतली आम्ही माणसे. सभासद पुष्कळ, मालक कोणी एक नाही, आणि वार्षिक सभेत भांडण ठरलेले! विकिपीडिया हा ज्ञानाचा सहकारी कारखानाच म्हणायचा.

मराठी विकिपीडियाची परिभाषा तर अगदी आपल्या घरची आहे. जेथे सभासद एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्नांचा खल करतात त्या जागेला तेथे ‘चावडी’ म्हणतात. नवशिक्याने हात बसवायचा तो ‘धूळपाटी’वर. व्यवस्था पाहणारे ते ‘प्रचालक’. पुराव्यावाचून केलेल्या विधानाच्या शेपटाला कोणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी अडकवतो. प्रत्येक लेखाच्या मागे दोन दारे असतात. एक ‘चर्चा’ आणि दुसरे ‘इतिहास’. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला आणि कोणी काढला, याची नोंद इतिहासात कायमची राहते. तलाठ्याच्या फेरफार नोंदीसारखेच हे. सातबारा पुढे दिसतो, पण त्याचे कूळ फेरफारात सापडते.

गेली काही वर्षे २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मी माझ्या विद्यार्थ्यांकडून या कोशात लेख लिहवून घेते. निबंधाच्या वहीत बाईंनी दिलेले गुण एवढाच पुरस्कार असतो. येथे चारचौघे वाद घालायला येतात, त्यामुळे मुले शब्द जपून वापरू लागतात. मुलांनी ग्रामदैवते लिहिली, किल्ले लिहिले, भाकरीचे प्रकार लिहिले. कोणी भांडले नाही. मग २०२४ साल उजाडले. त्या एका वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या, आणि माझ्या वर्गाला कळून चुकले की आपण ज्याला लेख समजत होतो तो आखाडा आहे.

तिथी न ठरलेले लग्न

पहिला वाद असतो तो पान असावे की नसावे, याचाच. कोशाचा एक नियम असा की भविष्य सांगणे हे कोशाचे काम नव्हे. जे घडले त्याचीच नोंद करावी. जे घडायचे आहे ते पुरेसे महत्त्वाचे असेल आणि घडणार हे जवळजवळ निश्चित असेल, तरच त्यावर पान लिहावे. नियम ऐकायला सोपा आहे. पण निश्चित कशाला म्हणायचे?

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. निवडणूक त्याच वर्षी होणार असे कोणीही म्हटले असते. परंतु इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातील दावे यांत ती अडकली, आणि प्रत्यक्ष मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. त्याच दिवशी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यात आमची नगरची महानगरपालिकाही होती. तिची मुदत डिसेंबर २०२३ मध्येच संपलेली होती. आता विचार करा, २०२२ साली कोणी उत्साहाने ‘२०२२ ची महापालिका निवडणूक’ असे पान उघडले असते, तर त्याची गत काय झाली असती? पत्रिका छापून झाल्या आणि लग्न पुढे ढकलले, की यजमानाची होते तीच!

विरुद्ध बाजूचे म्हणणेही टाकाऊ नाही. ते म्हणतात, लोकांना माहिती हवी असते ती मतदानाच्या आधी. निकाल लागल्यावर पान लिहिले तर ते इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी, मतदाराच्या नव्हे. मतदारसंघ कोणता, अर्जाची मुदत केव्हा, मागच्या वेळी कोणाला किती मते पडली, एवढे तरी आधी सांगायला काय हरकत आहे? मला स्वतःला हे पटते. तारीख आयोगाने जाहीर केली की पान लिहावे. तोवर त्या विषयाची एखादी ओळ मूळ पानावर पुरे.

उमेदवार मोठा कधी होतो?

दुसरा वाद माणसांचा. कोशात कोणाचे चरित्र असावे? इंग्रजी कोशाचा नियम असा की आमदार-खासदार झालेल्याचे असावे. नुसता उमेदवार म्हणून उभा राहिला एवढ्यावरून नसावे. कारणही रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. त्या सर्वांची चरित्रे लिहायची म्हटले तर कोशाचे प्रचारपत्रक व्हायला कितीसा वेळ?

तरी या नियमाला एक बोचरी बाजू आहे. आमच्या संगमनेरचेच पाहा. बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा तेथून निवडून आलेले, राज्याचे माजी महसूलमंत्री. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी अमोल खताळ या नव्या उमेदवाराने त्यांचा १०,५६० मतांनी पराभव केला. नियमाचे बोट धरून चालायचे तर २२ तारखेच्या रात्रीपर्यंत थोरातांचे चरित्र हा कोशाचा विषय आणि खताळांचे नव्हे. २३ च्या संध्याकाळी दोघांचेही. म्हणजे मतदार ज्या दिवसांत दोघांना तोलून पाहत होता, त्याच दिवसांत तराजूच्या एका पारड्यात लेख होणार आणि दुसऱ्यात काहीच नाही. सत्तेवर असलेल्याला कोश न मागता झुकते माप देतो तो असा. कर्जत-जामखेडला रोहित पवार आणि राम शिंदे यांच्यात निकाल लागला तो अवघ्या १,२४३ मतांनी. तेथे दोघेही आधीच नामवंत होते म्हणून हा प्रश्न आला नाही. पण इतक्या थोड्या मतांनी जेथे फैसला होतो, तेथे एखाद्या ओळीचे वजन किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

यावर तोडगा म्हणून काही जाणकार मतदारसंघाच्या पानावरच सर्व प्रमुख उमेदवारांची माहिती सारख्याच मापाने द्यावी असे सुचवतात. मलाही हा मार्ग बरा वाटतो. त्या मार्गातही काय काटे आहेत ते मात्र माझ्या एका विद्यार्थिनीमुळे समजले.

उभा ऊस आणि एक ओळ

ही मुलगी पाटपाण्याच्या पट्ट्यातली. गावाचे नाव सांगत नाही, तालुक्याचेही नाही. वडिलांचा तीन एकर ऊस. पोरगी वर्गात फारशी बोलत नसे, पण कोशाच्या चर्चापानावर तिची भाषा वकिलाला लाजवील अशी. २०२४ च्या दिवाळीत तिने आपल्या मतदारसंघाच्या पानावर एका उमेदवाराविषयी एक ओळ घातली. त्याच्यावर दोन खटले प्रलंबित आहेत, एवढीच. ही माहिती तिने ऐकीव घेतली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे खटले, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर सांगावे लागते, आणि आयोग ते सर्वांना पाहायला खुले करतो. ओळ त्या शपथपत्रातूनच घेतलेली होती.

तासाभरात ती कोणीतरी काढली. तिने परत घातली. परत काढली गेली. एकाच लेखात असे वारंवार उलटसुलट करणे कोशात निषिद्ध मानतात. इंग्रजी कोशात तर चोवीस तासांत तीनदापेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लिहिणे उलटवले की लिहिण्याची बंदी येऊ शकते. म्हणून ती चर्चापानावर गेली. तेथे कोणी विचारले, “रास्ता रोकोचा खटला आणि अफरातफरीचा खटला एकाच ओळीत बसवता का?” कोणी म्हणाले, “आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. ऐन मतदानाच्या तोंडावर हे लिहिणे म्हणजे बदनामी.” तिसऱ्याचे म्हणणे, “माणसाने स्वतः सही करून सांगितले ते आपण लिहायला भ्यायचे का?” प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य होते, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचा चिटबॉय तिच्या वडिलांना बांधावर भेटला. कारखान्याचा आणि त्या उमेदवाराचा संबंध गावाला माहीत. तो काही दमदाटी करायला आला नव्हता. म्हणाला, “दादा, पोरगी लई हुशार आहे तुमची. पण मोबाईलवर काय बी लिहिती म्हणत्यात. आपला ऊस अजून उभाच आहे ना?” एवढेच बोलून गडी फटफटीवर बसून गेला.

शहरातल्या वाचकाला या वाक्यातली धार कदाचित जाणवणार नाही. ऊस तयार झाला म्हणून शेतकऱ्याला तो स्वतःच्या मर्जीने तोडता येत नाही. कारखान्याकडून तोड मिळावी लागते. तोड लांबली की उसाचे वजन घटते, पुढचा गहू हुकतो, सोसायटीच्या कर्जाचे व्याज चढते. वर्षाचा संसार त्या एका पाळीवर टांगलेला असतो. पोरीच्या एका ओळीची किंमत तीन एकर ऊस ठरत होती.

ती माझ्या घरी आली तेव्हा ताटलीतली चकली तिने हातातही घेतली नाही. म्हणाली, “मॅडम, ती ओळ मी खरी लिहिली आहे. पण बापाला काय सांगू?”

माझे सासरे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवडणुकीच्या कामावर त्यांनी कितीदा तरी पेट्या वाहिल्या आहेत आणि रात्र रात्र मोजणी केली आहे. ते आतून आमचे बोलणे ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पोरी, बाकीच्या उमेदवारांची शपथपत्रे वाचलीस का?” तिने वाचली नव्हती. अण्णा म्हणाले, “मग ती आधी वाच. एकाचाच सातबारा काढला तर लोक म्हणणार, हिला याचीच जमीन हवी आहे. साऱ्या गटाचा काढ.”

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर सर्व प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे वाचून झाली. खटले आणखी दोघांवर होते. कोणावरचा आंदोलनातला, कोणावरचा धनादेशाचा. दोषी कोणीच ठरलेला नव्हता. मुलीने एक तक्ता केला. उमेदवाराचे नाव, पक्ष, शपथपत्रातील प्रलंबित खटल्यांची संख्या, कलमे, दोषी ठरला असल्यास तसे. सर्वांना एकच माप. शेवटी ठळक ओळ, की खटला प्रलंबित असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. हा तक्ता तिने लेखात घातला नाही. चर्चापानावर ठेवला आणि खाली लिहिले, “मी याच मतदारसंघाची मतदार आहे. म्हणून हे मी स्वतः लेखात घालत नाही. ज्यांचा येथे काही संबंध नाही त्यांनी तपासून ठरवावे.”

दोन दिवसांनी कोणा दूरच्या सभासदाने प्रत्येक शपथपत्र ताडून पाहिले, एका कलमाचा आकडा दुरुस्त केला आणि तक्ता लेखात घातला. तो कोण, कुठला, आम्हांला आजही ठाऊक नाही. त्याचा ऊस कोणाच्या कारखान्याला जात नव्हता, एवढे मात्र खरे. तक्ता मग कोणी काढला नाही. सर्वच पक्षांची नावे त्यात असल्यावर काढायला पुढे यायचे कोणी?

पुढे तोड आली ती आठदहा दिवस उशिराने. वडील म्हणाले, “औंदा समद्यांचीच लांबली. मतदानापायी मजूरच उशिरा आले.” तसे असेलही. मुलीने मला त्याविषयी पुन्हा काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती आता पुण्यात पुढचे शिक्षण घेते आहे आणि अजून कोशात लिहिते.

एक माणूस दबला तर दुसरा लिहील, ही या सहकाराची खरी ताकद. पण एका गावचे दहाजण ठरवून खोटे लिहू लागले, तर त्यांनाही हेच दार उघडे आहे, हे विसरून चालत नाही. २०२० साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी इंग्रजी कोशाने ते पान अनुभवी सभासदांखेरीज इतरांना लिहिण्यास बंद केले, ते याच भीतीने. ज्याने निदान महिनाभर राहून पाचशे दुरुस्त्या केल्या आहेत त्यालाच आत प्रवेश. लोकशाहीच्या कोशात सोवळे आले म्हणून काहींनी नाक मुरडले. मला विचाराल तर निवडणुकीच्या काळात पाणवठ्यावर राखणदार असलेला बरा.

नगरचा जुना धडा

त्या रात्री अण्णांनी आम्हांला १९९१ ची गोष्ट सांगितली. निवडणुकीच्या तोंडावर माणसाविषयी काय बोलावे, याचा धडा देशाला आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी दिला आहे. त्या वर्षी अहमदनगर लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले. बाळासाहेब विखे पाटील पराभूत झाले आणि त्यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रचारसभांतून आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने झाली, असे त्यांचे म्हणणे होते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या १२३ व्या कलमात, उमेदवाराच्या खाजगी चारित्र्यावर वा वर्तनावर, खोटे आहे हे माहीत असून, निवडणुकीला बाध येईल असे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरवला आहे. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच राहू दिली, आणि १९९४ साली पोटनिवडणूक घ्यावी लागली. प्रचाराची पातळी राखण्याची जबाबदारी वरच्या पुढाऱ्यांपासून सुरू होते, म्हणजे ती खालपर्यंत झिरपते, असे न्यायालयाने त्या निकालात बजावले.

एका सभेतल्या वाक्याची किंमत एवढी. सभा संपली की वाक्य साक्षीदारांच्या स्मरणात शोधावे लागे. कोशातले वाक्य तर तारीखवेळेसह कोरून ठेवलेले असते!

नाव काय लिहायचे?

नावांचा वाद तर आमच्या पाचवीलाच पुजलेला. चौंडीच्या कन्या अहिल्याबाई होळकरांचे नाव जिल्ह्याला देण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडीतच झाली. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. मग नोव्हेंबरची निवडणूक कोणत्या नावाने लिहायची? जिल्हा अहिल्यानगर, पण मतदारसंघाचे नाव आयोगाच्या कागदावर ‘अहमदनगर शहर’च, कारण मतदारसंघांची नावे जिल्ह्याच्या नावाबरोबर आपोआप बदलत नाहीत. कोशात एकाने जुने नाव लिहिले की दुसरा त्याला द्रोही म्हणणार, नवे लिहिले की तिसरा त्याला कागद दाखवणार. दोघेही आपापल्या जागी बरोबर! यावर उपाय एकच. मतदारसंघाचे नाव आयोगाच्या कागदाप्रमाणे, जिल्ह्याचे नाव शासनाच्या राजपत्राप्रमाणे. आमच्या घरात सासूबाई आजही ‘नगर’ म्हणतात. त्यांना राजपत्र लागू नाही.

पक्षांची नावे त्याहून अवघड. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी. आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांना दिला, आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवारांना. मग २०१९ साली जो ‘शिवसेना’ म्हणून निवडून आला, त्याच्या नावापुढे २०२४ च्या पानावर काय लिहायचे? जून २०२४ मध्ये आमच्या नगर मतदारसंघातून नीलेश लंके २८,९२९ मतांनी विजयी झाले ते राष्ट्रवादीच्या शरदचंद्र पवार गटाकडून. पाच वर्षांपूर्वी ते आमदार झाले तेव्हा राष्ट्रवादी एकच होती. नुसते ‘राष्ट्रवादी’ लिहिले तर वाचकाला घड्याळ समजावे की तुतारी? ‘मूळ’, ‘खरी’, ‘फुटीर’ या शब्दांपैकी एक जरी कोशात शिरला तरी लिहिणाऱ्याने मत टाकलेच म्हणून समजा. तेथे विशेषणे गाळून कंसात नेत्याचे नाव आणि शेजारी वर्ष लिहिणे, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. भाषेच्या प्राध्यापकाला एरवी विशेषणांचे फार प्रेम. पण निवडणुकीने मला नामाची थोरवी शिकवली.

आणि भविष्यवाल्यांचे काय? १ जून २०२४ च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देऊन टाकल्या. ४ जूनला मिळाल्या २९३. शेवटचे मतदान संपेपर्यंत असे अंदाज प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यानंतरही कोशाने ते निकाल म्हणून सांगू नयेत. अमुक संस्थेने अमुक तारखेला असा अंदाज दिला, एवढे म्हणावे, आणि प्रत्यक्ष निकाल त्याच्याच खाली लिहावा. ज्योतिषाची वही जपून ठेवली की ज्योतिषी जरा जपून बोलतो.

नेवाशाचा खांब

माझे विद्यार्थी मला विचारतात, “मॅडम, हे सारे नवेच आहे ना?” मी त्यांना म्हणते, यंत्र नवे आहे, पेच फार जुना आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी जमा केल्या त्या गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले त्याच्याच तोंडून ऐकून. पुढे लीळाचरित्राच्या पाठांत फरक दिसू लागला तेव्हा महानुभावांनी एकच पाठ खरा म्हणून बाकीचे पुसून टाकले नाहीत. ‘एकी वासना’ अशी नोंद करून दुसरा पाठही शेजारी ठेवला. मतभेद लपवायचा नाही, तो नावनिशीवार सांगायचा, हे आपल्या गद्याने तेराव्या-चौदाव्या शतकातच ओळखले होते.

आणि नेवासे तर आमच्याच जिल्ह्यातले. तेथे खांबाशी बसून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. पुढच्या तीनशे वर्षांत किती हातांनी तिच्यात किती ओव्या मिसळल्या कोण जाणे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती जमवून ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि यात कोणी पदरचे घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. ज्ञानेश्वरीत भर घालणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नव्हता. ते भक्तच होते. निवडणुकीच्या पानावर पदरचे घालणारेही पुष्कळदा भक्तच असतात, ही खरी अडचण आहे! शत्रूची ओळ सहज ओळखू येते. भक्ताची ओळ गोड असते, म्हणून ती शोधायला नाथांची नजर लागते.

ही नजर काही प्रचालकांनीच ठेवायची गोष्ट नव्हे. आपल्या घरातली मुले आज उमेदवाराचे नाव टाकून पहिली तीन वाक्ये वाचतात आणि वडीलमंडळींना जेवताना ऐकवतात. त्या मुलांना एवढे सांगावे, की वरचे पान वाचून थांबू नका. मागचे ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ हे दोन कप्पे उघडा. कालपर्यंत नसलेली ओळ आज का आली, ती कोणी घातली, खाली पुरावा कशाचा दिला, तो पुरावा उघडतो का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. आणि एका उमेदवाराचे वाचले की दुसऱ्याचेही वाचा. अण्णांच्या शब्दांत सांगायचे तर साऱ्या गटाचा सातबारा काढा. मतदान करताना बोटाला शाई लागते ती काही आठवड्यांनी पुसली जाते. कोशात लिहिलेली ओळ नातवंडांना वाचायला मिळणार आहे. दोन्ही ठिकाणी हात सारखाच जपून उचलावा.